शाळेचे केस आणि घरचं डोकं: मुलांना विग लागतो तेव्हा घरच्यांनी काय करायचं

माझी लेक तिसरीत होती. गणपतीच्या सुट्टीत तिची वेणी घालताना कानामागे रुपयाएवढा गुळगुळीत गोल दिसला, हात फिरवला तर एकही केस लागेना. पुढच्या आठ महिन्यांत डोक्यावरचे सगळेच गेले, मग भुवया पण. आता ती नववीत आहे आणि सध्याचा विग पाचवा. सोसायटीत, शाळेच्या गेटवर, डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेलं असताना बऱ्याच आया मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारतात की तुम्ही कसं निभावलंत, म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय. माझ्या चुका पण लिहिते कारण त्यातूनच जास्त कळलं.

विगच्या आधी स्किनच्या डॉक्टरांकडे जा, हे पहिलं. केस जाण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं. आमच्याकडे चाई निघाली, डॉक्टर ॲलोपेशिया अरेटा म्हणतात, त्यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर हल्ला करते. चाई एकाची दुसऱ्याला लागत नाही, हे वाक्य पाठ करून ठेवा, शंभर वेळा बोलावं लागेल. पण डोक्यातलं गजकर्ण मात्र लागतं आणि त्याला पोटातून औषध घ्यावं लागतं, त्यामुळे अंदाजाने काही ठरवू नका. टायफॉइड किंवा डेंग्यूनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठ मूठ केस जातात, ते बहुतेक वेळा आपोआप परत येतात. काही मुलं टेन्शनमध्ये स्वतःचेच केस उपटतात, त्यांना रागावून काही होत नाही, त्यांना समुपदेशक लागतो. चाईसाठी आता नवीन औषधं पण आलीत, रिटलेसिटिनिब नावाच्या औषधाला अमेरिकेत जून २०२३ मध्ये १२ वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी मंजुरी मिळाली, पण ते ज्यांचे केस खूप जास्त गेलेत त्यांच्यासाठी आहे, आधी रक्ताच्या तपासण्या असतात, इन्फेक्शनचा धोका वाढतो, सगळं डॉक्टरांशी बोलूनच. आम्ही कांद्याचा रस, माका, जास्वंद सगळं केलं. कांद्याच्या रसाने टाळू इतकी लाल झाली की पोर रात्रभर रडली, ते मला अजून आठवतं.

आता विग. घेण्याआधी स्वतःला एक प्रश्न खरंखुरं विचारा, की हा विग कोणाला हवाय? पहिला विग मी माझ्या दिराच्या लग्नासाठी आणला होता. लेकीला विचारलं नव्हतं, दुकानात नेलं नव्हतं, मापाचा अंदाज मीच केला. मला खरं तर नातेवाइकांच्या नजरा नको होत्या. तो मोठ्या बाईचा विग, लांब, दाट, सारखा पुढे सरकत होता, आणि अक्षता पडायच्या आधीच तिने वधूपक्षाच्या खोलीत जाऊन तो काढून टाकला आणि म्हणाली आई तुला मी अशी आवडत नाही का. त्या दिवशी मी तिची माफी मागितली. त्यानंतर आमच्या घरात नियम झाला की डोकं तिचं आहे, घालायचा की नाही, कधी घालायचा, कोणाला सांगायचं, हे ती ठरवणार. स्कार्फ, कॅप, काहीच नाही, हे तिन्ही पर्याय विगच्याच बरोबरीचे. काही मुलं फक्त शाळेला घालतात, काही फक्त समारंभाला, काही सहा महिने घालतात मग सोडून देतात. सगळं चालतं. माझी लेक विगला "शाळेचे केस" म्हणते, आणि दप्तर टाकलं की ते स्टँडवर आणि ही "घरच्या डोक्याने" फिरते. घरी कोणी आलं आणि ती तशीच बाहेर आली तर "अगं विग घाल" हे शब्द तोंडातून निघू देऊ नका, डोळ्यांनी पण नाही, मुलांना डोळे लगेच कळतात.

विकत घेताना मूल बरोबर हवंच. टेलरची टेप घ्या आणि कपाळावर जिथून केस सुरू होतात तिथून कानाच्या वरून मानेच्या खळगीवरून गोल माप घ्या. मोठ्यांचा नॉर्मल विग साधारण २१.५ ते २२.५ इंचांचा असतो, लहान मुलांना १९-२० इंच लागतो, म्हणून दुकानदार "मागचे पट्टे आवळून देतो" म्हणाला तरी ऐकू नका, आवळलेला विग सुरकुततो आणि कानामागे घासतो. दुसरं म्हणजे दाटपणा. लहान मुलांच्या कपाळाजवळचे केस विरळ असतात आणि मोठ्यांचे विग तिथे एकदम भिंतीसारखे सुरू होतात, बघणाऱ्याला तिथेच कळतं. थोडा कमी दाट घ्या, आणि केस कापणाऱ्या ताईंकडे जाऊन विग डोक्यावर असतानाच पुढे बट किंवा फ्रिंज कापून घ्या, यात जितका फरक पडतो तितका महागडा विग घेऊन पण पडत नाही. लांबी खांद्यापर्यंत पुरे, त्याखाली गेलं की युनिफॉर्मच्या कॉलरला घासून मानेजवळ गुंता होतो.

सिंथेटिक की खऱ्या केसांचा, हा प्रश्न सगळे विचारतात. माझं मत, पहिला सिंथेटिकच घ्या. स्वस्त असतो, धुतल्यावर त्याची ठेवण तशीच राहते, मूल वाढतंय त्यामुळे मापही बदलणार. रोज घातला तर सहा महिने, जपला तर थोडा जास्त. पण उष्णता अजिबात चालत नाही, गॅसजवळ, इस्त्रीजवळ, कुकरच्या वाफेजवळ पुढच्या बटा वितळून चरबरीत होतात, आणि दिवाळीत फुलबाजी हातात असताना सिंथेटिक विग डोक्यावर नकोच, कॅप घाला. खऱ्या केसांचा विग जास्त टिकतो, वेणी नीट बसते, पण महाग, आणि धुतला की परत सेट करत बसावं लागतं. आमचा तिसरा तसा होता. तेव्हा लेकीने विचारलं की हे कोणाचे केस आहेत. मी शोधून सांगितलं की आपल्याकडे तिरुपतीला लाखो लोक नवस फेडून डोक्याचे केस देवाला देतात आणि देवस्थान त्या केसांचा लिलाव करतं, त्यातले खूप केस विगला जातात. आपल्याच डोक्यावर ते आहेत की नाही ते सांगता येणार नाही, पण कोणीतरी देवाला दिलेलं असू शकतं. तिला ते फार आवडलं, दोन दिवस तिने विग अगदी हळू विंचरला.

रोजच्या गोष्टी पटकन सांगते. टाळूवर आधी पातळ सुती टोपी, मग विग. टोप्या पाच-सहा हव्यात, रोज बदलायच्या नाहीतर घामोळं येतं. पूर्ण केस गेले असतील तर विग सरकतो, त्याला आतून मखमली पट्टा किंवा त्वचेला चालणारी दोन्हीकडून चिकटणारी टेप मिळते, टेप आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून बघा. दहा-बारा वेळा घातला की थंड पाणी आणि सौम्य शाम्पूने धुवा, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबायचं, सावलीत स्टँडवर वाळवायचं, ओला असताना सिंथेटिक विंचरायचा नाही, आणि विंचरताना खालच्या टोकापासून वर यायचं. झोपताना काढायचा. विगशिवाय उन्हात जाणार असेल तर टाळूला सनस्क्रीन. पापण्या गेल्या असतील तर डोळ्यांत धूळ फार जाते, साधा चष्मा कामाला येतो. स्कूटरवर ४ वर्षांवरच्या मुलांना पण हेल्मेट लागतं, आणि हेल्मेट काढताना विग हेल्मेटबरोबर निघून येतो, त्यामुळे आम्ही स्कूटरवर फक्त स्कार्फ आणि हेल्मेट, विग डब्यात, उतरल्यावर घालायचा.

शाळा. इथे सगळ्यात जास्त तयारी लागते. शाळा सुरू व्हायच्या आधी, जूनच्या गर्दीत नको, वर्गशिक्षिकेला वेळ मागून भेटा, मूल बरोबर असेल तर उत्तम. डॉक्टरांचं पत्र न्या ज्यात दोन गोष्टी स्पष्ट असतील, हा आजार संसर्गजन्य नाही आणि मुलाला डोकं झाकायची परवानगी असावी. दोन वेण्या आणि रिबिनींचा नियम असेल तर त्यातून सूट मागा. पीटीच्या तासाला काय, याबद्दल आधीच ठरवा, कारण कोलांटी, खो-खो, दोरीवरच्या उड्या यात विग हलतो. आमच्या पीटी सरांनी तिला सांगून ठेवलंय की "सर, पाणी प्यायला जाऊ?" म्हटलं की जा, कारण विचारणार नाही, आणि ती स्टाफच्या वॉशरूममध्ये जाऊन नीट करून येते. असं एक वाक्य प्रत्येक मुलाचं असावं. दप्तरात एका छोट्या पाऊचमध्ये टेप, दोन पिना, सुती टोपी आणि स्कार्फ कायम.

वर्गाला सांगायचं का? मूल हो म्हणालं तरच. आमची पाचवीपर्यंत नको म्हणाली. मग एक दिवस स्कूलबसमध्ये एका मुलाने मागून विग ओढला आणि तो हातात आला, सगळी बस हसली. ती घरी येऊन काही बोलली नाही, जेवली नाही, मला दुसऱ्या मुलाच्या आईकडून कळलं. मी तावातावाने शाळेत निघाले होते पण तिने हात धरला आणि म्हणाली मला आधी विचार. मी विचारलं. तिला त्या मुलाला शिक्षा नको होती, तिला सगळ्यांना एकदाच सांगून टाकायचं होतं. बाईंनी एक तास दिला, तिने पाच मिनिटं स्वतः सांगितलं, मुलांनी प्रश्न विचारले (दुखतं का, आंघोळ कशी करतेस, पोहता येतं का) आणि तो मुलगा मधल्या सुट्टीत येऊन सॉरी म्हणाला. हे सगळीकडे असंच होईल असं नाही, काही शाळा "मुलं आहेत, चालायचंच" म्हणतात. तेव्हा लेखी तक्रार द्या, मुख्याध्यापकांची पोच घ्या. डोक्यावरची वस्तू ओढणं ही मस्करी नाही.

प्रश्नांची उत्तरं घरी बोलून बोलून तयार ठेवा, आम्ही चक्क नाटक करायचो, मी खोचक मावशी व्हायचे. तिची तीन उत्तरं ठरलीत. ओळखीच्याला "मला चाई आहे, लागत नाही, दुखत नाही". अनोळखी माणसाला "हो, विग आहे". आणि ज्याला काहीच सांगायचं नाही त्याला "मला यावर बोलायचं नाही". तिसरं उत्तर मोठ्यांना दिलं तरी ते उद्धटपणा नाही, हे मुलाला तुमच्या तोंडून ऐकू द्या. हळदीकुंकवाला कोणी "बाई गं, मुलीची जात, पुढे लग्नाचं कसं" म्हणालं तर तिथे उत्तर देणं माझं काम, तिचं नाही. माझ्या सासूबाई आधी नजर उतरवायच्या, नंतर त्यांनीच एका काकूंना थांबवलं, "तिला ऐकू येतंय".

टीनएजमध्ये सगळं परत बदलतं. लहानपणी मजेत टक्कल घेऊन फिरणारी पोर आठवीत आरशासमोर तासभर बसते, फोटो काढू देत नाही, बेस्ट फ्रेंडला सांगू की नको यात आठवडे घालवते. घाई करू नका, "आतापर्यंत तर तुला काही वाटत नव्हतं" असं तर म्हणूच नका. कधी कधी बारीक पांढरी लव येते, सगळं घर आनंदाने नाचतं, आणि दोन महिन्यांनी ती पण जाते. आम्ही आता लव आली तरी पेढे वाटत नाही, कारण गळल्यावर तिला वाटायचं की तिने आम्हाला निराश केलं. आणि मुलगे! मुलग्यांना पण विग लागतो, त्यांना कोणी विचारतच नाही. त्यांना कोलिना दाखवा, २००२ च्या फुटबॉल वर्ल्ड कप फायनलचा तो टकला रेफ्री, त्याला ॲलोपेशिया होता. मुलींना जोॲना राउसेल, ब्रिटनची सायकलपटू, दहाव्या वर्षी केस गेले, २०१२ लंडन ऑलिम्पिकमध्ये गोल्ड जिंकून विगशिवाय पोडियमवर उभी राहिली. पण दाखवून सोडून द्या, "बघ ती कशी धीट" असं ओझं टाकू नका, विग घालणारी पण धीटच असते.

कॅन्सरच्या केमोमुळे केस जात असतील तर थोडं वेगळं. तिथे साधारण पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत गळायला लागतात, म्हणून केस असतानाच विग बघून ठेवा म्हणजे रंग, ठेवण जुळवता येते, आणि मूल तयार असेल तर आधीच बॉयकट करा, उशीवर केसांचा पुंजका बघणं फार वाईट असतं. उपचार संपल्यावर काही महिन्यांत परत येतात, कधी कुरळे येतात, कधी रंग थोडा वेगळा. या दिवसांत इन्फेक्शन लवकर होतं म्हणून टोप्या रोज धुतलेल्या हव्यात. विगचा खर्च झेपत नसेल तर हॉस्पिटलच्या मेडिकल सोशल वर्करना विचारा, परळच्या टाटा मेमोरियलला पण असे सोशल वर्कर आहेत, विचारण्यात संकोच नको. आणि घरातल्या दुसऱ्या मुलाकडे पण बघा, माझा धाकटा एकदा म्हणाला की माझे पण केस गेले तर तू माझ्याजवळ बसशील का.

मूल दोन आठवड्यांपेक्षा जास्त शाळेला नको म्हणतंय, जेवत-झोपत नाही, मित्र तोडलेत, "मी नसते तर बरं" असलं काही बोलतंय तर विगची चर्चा बाजूला ठेवून लगेच समुपदेशक गाठा. टेली मानस १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मराठीत बोलते, मुलांसाठी १०९८ आहे, मोठी मुलं स्वतः फोन करू शकतात, नंबर त्यांच्याकडे असू द्या.

आणि हो, जुने विग टाकू नका. आमचा दुसरा विग, कडक झालेला, एक बट वितळलेली, तो रंगपंचमीचा आहे. दरवर्षी हिरवा-गुलाबी होतो, संध्याकाळी बादलीत बुडवून ठेवते, आणि यंदा तिच्या दोन मैत्रिणींनी पण तो आळीपाळीने घालून फोटो काढले.