बेळगाव ते दुबई : अंतर आणि वेळ मोजताना या चुका टाळा

मुंबई-दुबई हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर. विमान ताशी ८५० किलोमीटरने उडतं, म्हणजे सव्वादोन तासांत दुबई, हा पहिला फसवा हिशेब. धावपट्टीपर्यंत सरकणं, उंची गाठणं, उतरण्यासाठी थांबणं हे सगळं धरून तिकिटावर तीन ते साडेतीन तास लावलेले असतात. जाताना पश्चिमेचा वारा समोरून येतो, हिवाळ्यात जास्तच. म्हणून परतीचं विमान बहुधा थोडं लवकर पोहोचतं.

तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. मुंबईहून १०:०० ला सुटून ११:४५ ला पोहोचणारं विमान पावणेदोन तासांत जात नाही. दीड मिळवा, सव्वातीन तास. परतीला १३:०० ते १७:३० हे साडेचार तास दिसतात. दीड वजा करा, तीन उरतात. न्यायला येणाऱ्याला फोन करताना वेळ तिथली की इथली, हेही सांगा.

सगळ्यात महाग पडते ती मध्यरात्रीची तारीख. समजा तिकिटावर १२ तारीख, ००:४० आहे. हे विमान ११ तारखेच्या रात्रीचं! बेळगावहून ११ च्या रात्री स्लीपरने निघालात, तर सकाळी मुंबईत उतराल तेव्हा विमान कधीच गेलेलं असेल. उलटा हिशेब मांडा: चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी, म्हणजे ११ च्या रात्री २३:४० ला बंद. विमानतळावर पोहोचायचं तीन तास आधी, २१:४० ला. रस्ता सुमारे ५०० किलोमीटर, दहा-अकरा तास. म्हणजे ११ ला सकाळी दहाला निघणंही काठावरचंच. कागल ते सातारा सहापदरीकरणाची कामं आणि पुण्याची कोंडी धरली, तर १० च्या रात्रीची गाडी बरी.

सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, आंतरराष्ट्रीय विमान नाही. सांबरा-मुंबई आणि मुंबई-दुबई अशी दोन वेगळी तिकिटं काढली, तर मुंबईत बॅग ताब्यात घेऊन पुन्हा द्यावी लागते. टर्मिनल बदलावं लागलं तर तेही रस्त्याने. मध्ये चार-पाच तास ठेवा, कारण पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगवर, ही कटकट बरीच कमी. देशांतर्गत तिकिटावर चेक-इन बॅगेला बहुधा १५ किलोच मिळतात, हेही विसरलं जातं. कुंद्याचे डबे तिथेच जड होतात.

बंगळूर स्वस्त दिसलं, तरी ते दुबईच्या उलट दिशेला आहे: आधी ५०० किलोमीटर रस्ता, मग २,७०० किलोमीटर हवाई. गोवा-दुबई हवाई अंतर सुमारे २,२०० किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा जास्त. पण बेळगावहून गोव्याचा विमानतळ सव्वाशे किलोमीटरच्या आसपासच, त्यामुळे घर ते दुबई एकूण वेळ गोव्याहूनच कमी लागतो. फक्त तिकिटावर दाबोळी आहे की मोपा, ते नीट पाहा. २०२३ पासून गोव्यात दोन विमानतळ चालू आहेत आणि चोर्ला घाट उतरल्यावर दोन्हींच्या वाटा फुटतात. पावसाळ्यात या घाटासाठी दोन तास जादा ठेवा, आणि निघण्याआधी घाट चालू आहे का, याची खात्री करा.