एकाच वायरवर चार डीएस१८बी२० तापमान सेन्सर, रीडिंग -१२७ किंवा ८५ येतंय?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल डाइंगच्या चार टाक्यांना सेन्सर लावलेत, सगळे एकाच डेटा वायरवर, ईएसपी३२ ला (रीडिंग घेणारा छोटा कंट्रोलर बोर्ड). एकेक जोडला की बरोबर, चारही जोडले की कधी -१२७ कधी ८५. सेन्सर बदलले, लायब्ररी बदलली, मे महिन्यात त्या शेडमध्ये डोकं पार उठलं.

-१२७ म्हणजे सेन्सर उत्तरच देत नाही. ८५ ही पॉवर आल्यावरची डिफॉल्ट व्हॅल्यू, आणि डाइंगच्या टाकीत ८५ खरंही असू शकतं म्हणून पटकन संशय येत नाही.

आधी पॅनलमधून चार दिशांना फुटलेल्या वायरी काढल्या, एकच केबल टाकी ते टाकी नेली, फांद्या वीतभरच. मग प्रत्येक सेन्सरची पॉवर वायर थेट ३.३ व्होल्टला, पॅरासाइट मोड (डेटा वायरवरूनच पॉवर घेणं) नाही. डेटा आणि ३.३ च्या मध्ये ४.७ के ओहमच्या रेझिस्टरऐवजी २.२ के चा, एकच, कंट्रोलरजवळ (करंट दीड मिलिअँप होतो, सेन्सरला ४ पर्यंत चालतो). मग एकेक सेन्सर एकटा जोडून त्याचा ६४ बिटचा पत्ता घेतला, २८ ने सुरू होतो तो, आणि केबलला टेप लावून टाकीचा नंबर टाकला. कोडमध्ये सगळ्यांना एकदाच कन्व्हर्जनची (तापमान मोजायची) कमांड, १२ बिट रिझोल्यूशनला ७५० मिलिसेकंद थांबायचं, मगच पत्त्याने वाचायचं. इंडेक्सने (सेन्सर सापडतात त्या क्रमांकाने) वाचू नका, एक सेन्सर गळाला की बाकीच्यांचे नंबर सरकतात आणि तिसऱ्या टाकीचं तापमान दुसरीच्या नावावर दिसतं.