सराव पाठाचं रेकॉर्डिंग : या चुका टाळा

सराव पाठाचं रेकॉर्डिंग लावलं की बहुतेक छात्राध्यापक (शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेणारे) स्वतःलाच बघत बसतात. साडी नीट आहे ना, आवाज असा का येतोय, हात किती हलतात. मुलं चित्रात जवळपास नसतातच, कारण मोबाइल शेवटच्या बाकामागे, फळ्याकडे तोंड करून लावलेला असतो. ३५ मिनिटं नुसत्या पाठमोऱ्या वेण्या. मग चिंतनाच्या पानावर, म्हणजे पाठ कसा झाला हे स्वतः लिहायच्या पानावर, ‘पाठ चांगला झाला, विद्यार्थ्यांनी उत्तम प्रतिसाद दिला’ याशिवाय लिहिणार तरी काय?

मोबाइल पुढच्या कोपऱ्यात लावा, ज्या भिंतीला खिडक्या आहेत त्याच बाजूला. समोरच्या भिंतीकडून लावला तर खिडक्यांचा उजेड थेट कॅमेऱ्यात येतो आणि चेहरे काळे पडतात. मोबाइल आडवा, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंच आणि किंचित तिरका हवा. पुढच्या दोन-तीन रांगांतले चेहरे आणि मुलांकडे वळलेले तुम्ही, एवढं दिसलं तरी पुरे. फळा अर्धाच येईल. तो पुसण्याआधी त्याचा एक फोटो काढा, फलक लेखनाचा विचार त्यावरून होतो. स्क्रीनवर मधला बाक दिसतो तिथे बोट दाबून धरलं की बऱ्याच मोबाइलमध्ये फोकस आणि उजेड लॉक होतो. नाहीतर तुम्ही समोरून गेलात की दरवेळी चित्र उजळतं आणि मंदावतं. ट्यूबलाइटमुळे पट्टे सरकताना दिसले तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ५० हर्ट्‌झ निवडा.

आवाजाची चूक जास्त महागात पडते. तुमचं बोलणं खणखणीत येतं आणि मुलांची उत्तरं पंख्याच्या घरघरीत बुडतात. कॉलर माइकने हे सुधारत नाही, उलट बिघडतं: तो तुमचाच आवाज उचलतो. त्यापेक्षा एखादा जुना मोबाइल व्हॉइस रेकॉर्डर सुरू करून मधल्या बाकावर, घडी केलेल्या रुमालावर ठेवा (रुमाल नसेल तर बाकाची प्रत्येक ठकठक ऐकू येते). सुरुवातीला एकदा टाळी वाजवा, म्हणजे नंतर दोन्ही रेकॉर्डिंग जुळवता येतात.

रेकॉर्डिंग मध्येच तुटलं असेल तर कारण बहुधा दोनपैकी एक असतं. फोन आला, किंवा मेमरी भरली. एरोप्लेन मोड लावा. १०८०पी दर्जात मिनिटाला साधारण १०० ते १३० एमबी लागतात, म्हणजे पूर्ण तासिकेला साडेचार जीबीपर्यंत. ७२०पी मध्ये जवळपास निम्मे, आणि या कामाला तेवढं पुरतं. फाइल पेनड्राइव्हवर जात नसेल तर तो फॅट३२ प्रकारचा आहे का बघा, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि पालकांची संमती आधीच घ्या. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. आणि कृपा करून ती क्लिप स्टेटसला लावू नका.

आता बघण्याबद्दल. सगळा पाठ एका बैठकीत बघितला की हाती फक्त एक ‘छाप’ लागते. पहिल्यांदा आवाज बंद करून दहा मिनिटं बघा. नजर मुलांवर. पुस्तकात कोण, शेजाऱ्याच्या वहीत कोण, हात वर करून कोण थकलं? मग बैठक व्यवस्थेचा कागद घ्या आणि तुम्ही ज्याला ज्याला विचारलं त्याच्या जागी एकेक रेघ मारा. बऱ्याचदा रेघा पुढच्या चार-पाच बाकांवरच जमतात.

नंतर प्रश्नांचा पाच मिनिटांचा एक तुकडा निवडून घड्याळ लावा. प्रश्न संपल्यापासून तुम्ही पुन्हा बोलेपर्यंत किती सेकंद गेले? विज्ञान शिक्षणाच्या अमेरिकन अभ्यासक मेरी बड रो यांच्या अभ्यासात शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबताना दिसले. ३ सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. इथे ‘समजलं का?’वर आलेला सामूहिक ‘हो’ मोजू नका. तो प्रतिसाद नव्हे, सवय आहे. मुलाचं उत्तर तुम्ही जसंच्या तसं पुन्हा म्हणता का, तेही ऐका. तसं केलं की बाकीची मुलं एकमेकांचं ऐकणं सोडतात. वर्गात कोण, कशा प्रकारचं बोलतंय हे टिपण्याच्या फ्लँडर्सच्या पद्धतीत दर ३ सेकंदांनी नोंद असते, मिनिटाला २०. तेवढी चिकाटी नसेल तर शिक्षक, विद्यार्थी, शांतता अशा तीनच खुणा करा.

चिंतनात रेकॉर्डिंगमधली वेळ (मिनिट:सेकंद) लिहा. ‘प्रश्न कौशल्य सुधारावे’ या वाक्याने मार्गदर्शकांना काहीच कळत नाही. ‘१२:४० ला बाष्पीभवनावर प्रश्न विचारला, सेकंदभर थांबून उत्तर मीच दिलं, तिसऱ्या रांगेतला हात वरच राहिला’ यावर मात्र त्यांना बोलता येतं. सुधारणा एकच निवडा आणि ती चिंतनाच्या पानावर सोडून न देता पुढच्या पाठ टाचणात (पाठाच्या लेखी आराखड्यात), नेमक्या त्या प्रश्नाशेजारी, लाल पेनने लिहा: ‘३ सेकंद. मागची रांग.’