ब्राँझचे जुने कुत्रे जमवताय? या चुका टाळा

छोटे ब्राँझचे कुत्रे घ्यायचा नाद लागला की माणूस पहिल्यांदा सही वाचायला शिकतो आणि बहुतेकांचे पैसे तिथेच बुडतात. बैठकीवर ‘पी. जे. मेन’ किंवा ‘बारी’ या जुन्या फ्रेंच शिल्पकारांचं नाव दिसलं की हात लगेच खिशाकडे जातो. पण सहीवरून फक्त मूळ मॉडेल कुणाचं ते कळतं, तुमच्या हातातला नग कधी ओतला ते नाही कळत. पियेर-ज्यूल मेन 1879 मध्ये गेला, त्यानंतर त्याच्या जावयाने, ऑग्युस्त कॅनने, काम चालू ठेवलं आणि नंतर ती मॉडेल्स स्यूसच्या फाउंड्रीकडे, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याकडे गेली. बारीचं 1848 मध्ये दिवाळं निघालं होतं, आणि 1875 मध्ये तो गेल्यावर त्याची बरीच मॉडेल्स बार्बेदिएन या दुसऱ्या फाउंड्रीने घेतली. म्हणजे सही तीच, पण ओतकाम वेगवेगळ्या काळातलं, आणि किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. शिवाय आजच्या स्वस्त कॉप्यांवरही हीच नावं असतात.

म्हणून आधी कुत्रा बघा, सही नंतर. मेनचा पॉइंटर किंवा सेटर (दोन्ही शिकारी कुत्र्यांच्या जाती) हातात घ्या आणि पंजे बघा. चांगल्या जुन्या नगात बोटं सुटी दिसतात, नखं वेगळी कळतात, कातडीखाली बरगड्या हलक्याशा जाणवतात, सेटरच्या शेपटीचे केस एकेक कोरल्यासारखे असतात, कारण ओतून झाल्यावर कारागीर छिन्नी घेऊन बसायचा. तयार पुतळ्यावरूनच साचा काढून पुन्हा ओतलेला असेल तर हे सगळं साबण वापरून झिजतो तसं गुळगुळीत होतं. आणि धातू थंड होताना आकसतो, साधारण एक-दोन टक्के, त्यामुळे अशी कॉपी मूळ नगापेक्षा जराशी लहान भरते. लिलावाच्या कॅटलॉगमधलं माप आणि तुमचं माप पट्टी लावून ताडून बघा, 20 सेंटीमीटरच्या कुत्र्यात दोन-चार मिलिमीटर कमी भरले तर सावध व्हा.

दुसरी चूक, लोहचुंबक लावून ‘चिकटत नाही म्हणजे ब्राँझच’ असं म्हणणं. अहो, जस्तालाही चुंबक चिकटत नाही! लोखंड नाही एवढंच त्यातून कळतं. स्पेल्टर नावाचा जस्ताचा मिश्रधातू ब्राँझसारखा रंगवून खूप विकला गेलाय. नग उलटा करा, बुडाला जिथे रंग नाही तिथे बघा, पिवळसर-तांबूस धातू दिसला तर ठीक, राखाडी-चंदेरी दिसला तर स्पेल्टर. तो वजनाला हलका आणि ठिसूळ असतो, शेपटी नाहीतर पाय मोडलेला असेल तर दुरुस्तीही अवघड, कारण जस्त 420 अंशांच्या आसपासच वितळतं. राळेत ब्राँझची पूड घालून केलेले तर हातात घेतल्यावर फारसे गारही लागत नाहीत.

व्हिएन्नाचे, ब्राँझवर रंग दिलेले कुत्रे हे वेगळंच प्रकरण. बोटभर उंचीचे डॅक्सहुंड, पग, टेरियर, काय गोड असतात! तिथल्या बर्गमनच्या कारखान्याची खूण म्हणजे दोन कानांच्या कलशात ‘बी’. ‘गेशुट्झ्ट’ असा जर्मन शब्द कोरलेला दिसला तर ते कलाकाराचं नाव नाही, डिझाइन नोंदवलेलं आहे एवढंच. आणि व्हिएन्नात जुन्या मॉडेल्सवरून आजही ओततात, नवे म्हणून रीतसर विकतात, पुढे हातोहात फिरताना तेच ‘जुने’ होतात. रंगाची झीज बघा. खरी झीज नाक, कान, पाठ अशा वर आलेल्या जागी असते. पायांच्या बेचक्यात रंग घासलेला आणि पाठ कोरी, असं असेल तर सोडून द्या.

आता साफसफाई, आणि इथे कळकळीने सांगतो. चिंच, लिंबू, पितांबरी, यातलं काही म्हणजे काहीही लावू नका. देवघरातल्या समईसाठी ते ठीक, पण इथे तो काळपट-तपकिरी थर म्हणजेच अर्धी किंमत आहे आणि एकदा गेला की गेला. व्हिएन्नाच्या नगाला तर पाणीसुद्धा नको, रंग भट्टीत भाजलेला नसतो, नुसता वरून दिलेला असतो. मऊ कोरडा ब्रश पुरे. आधीच कुणी चकचकीत केलेला नग असेल तर बूटपॉलिश फासून काळा करू नका, काही विक्रेते तेच करतात. न रंगवलेल्या ब्राँझच्या बुडाला पांढरा कपडा घासा, काळं आलं तर पॉलिश फासलंय असं समजा.

मुंबई, कोकण, गोव्याकडे राहत असाल तर फिकट हिरव्या भुकटीवर लक्ष ठेवा. घट्ट गडद हिरवा थर सहसा चालतो, पण पुसल्यावर पुन्हा येणारी पिठासारखी भुकटी म्हणजे खारट हवेतल्या क्लोराइडमुळे धातू आतून खाल्ला जातोय. वरून तेल किंवा मेण लावून झाकू नका. नग वेगळा काढा, सिलिका जेल घालून बंद डब्यात कोरडा ठेवा आणि धातूचं जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवा.

आणि बिल जपा. भारतात 100 वर्षांपेक्षा जुनं शिल्प 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येतं, ते परदेशी पाठवायला बंदी आहे. त्यामुळे अमेरिकेतल्या मुलाला भेट म्हणून बॅगेत टाकून द्यायचा विचार असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा. नग तेवढा जुना नसेल तर ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला तिथूनच मिळतो.