आईचे चरित्र तिच्या भाषांमधून कसे लिहावे

श्रद्धाळू, परमुलखात स्थायिक झालेली आणि भाषाशास्त्रात आयुष्य घालवलेली आई गेल्यानंतर तिच्यावर लिहायला बसलेली मुले बहुधा एकच चूक करतात : ती लेखाचे तीन कप्पे पाडतात. एकात स्थलांतर, दुसऱ्यात संशोधन, तिसऱ्यात देवधर्म. माझ्या आईविषयीचा पहिला खर्डा मीही असाच लिहिला होता, आणि तो वाचून धाकट्या बहिणीने विचारले, "या तिघींमधली आपली आई कोणती?" खर्डा बाजूला ठेवावा लागला. जिचे सारे काम भाषेचे होते तिच्या आयुष्याचे हे तिन्ही धागे भाषेतच एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून लेखाचा कणाही भाषाच असावा, असे आता माझे मत आहे.

सुरुवात एका साध्या तक्त्याने करावी. आई कोणाशी, कोणत्या काळात, कोणत्या भाषेत बोलत असे, हे भावंडांनी एकत्र बसून लिहून काढावे. हिशेब ती कोणत्या भाषेत करी, रागावताना कोणत्या भाषेकडे वळे, तान्ह्या मुलाशी काय बोले, प्रार्थना कोणत्या भाषेत म्हणे आणि शेवटच्या आजारात कोणती भाषा उरली, या पाच प्रश्नांची उत्तरे मिळाली तरी निम्मे चरित्र हाती येते. माझी आई घरात आमच्याशी नव्या देशाची भाषा बोलत असे. बेरीज करताना मात्र तिचे ओठ जन्मभाषेत हलत, आणि प्रार्थना ती तिसऱ्याच भाषेत करी, जी तिने व्यवहारात कधीही वापरली नाही. भावंडांच्या उत्तरांत फरक पडला तर भांडू नये. थोरल्याची आई नव्या भाषेत अडखळणारी असते, धाकट्याची आई त्याच भाषेत व्याख्याने देणारी असते. आणि दोन्ही खऱ्या असतात.

त्यानंतर कागदपत्रे. येथे सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की, काहीही आवरू नये. भाषा अभ्यासणाऱ्या माणसाची शब्दकार्डे ज्या क्रमाने खोक्यात असतात त्या क्रमालाही अर्थ असतो, म्हणून आधी खोके जसेच्या तसे छायाचित्रात टिपावे आणि मगच कार्डांना हात लावावा. माझ्यासमोर असलेल्या एका कार्डावर मधोमध शब्द आहे, कोपऱ्यात तो सांगणाऱ्याची आद्याक्षरे आणि तारीख. शाईने लिहिलेला अर्थ एका रेघेने खोडला आहे आणि खाली, अकरा वर्षांनंतरची तारीख घालून, पेन्सिलीने दुसरा अर्थ लिहून पुढे प्रश्नचिन्ह ठेवले आहे. तिची चिकाटी आणि नम्रता यांवर मी लिहिलेला परिच्छेद या कार्डापुढे फिका पडला, तेव्हा तो काढून टाकून मी कार्डाचेच वर्णन ठेवले.

कार्डांवरची चिन्हे परकी वाटली तर घाबरू नये. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी, म्हणजे कोणत्याही भाषेतील उच्चार लिहिण्याची चिन्हपद्धती, 1888 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली आणि पुढे अनेकदा सुधारली गेली. 1989 मधील फेररचना विशेष मोठी होती. शिवाय अमेरिकी परंपरेत शिकलेले अभ्यासक काही ध्वनींसाठी वेगळी चिन्हे वापरीत. त्यामुळे तिने वापरलेली चिन्हपद्धतीदेखील ती कोठे आणि केव्हा शिकली याचा पुरावा ठरते. संगणकावरील जुन्या फायलींची अडचण निराळी आहे. संगणकावर सर्व लिप्यांच्या अक्षरांना समान क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 मध्ये आली, पण त्यानंतरही कित्येक वर्षे अभ्यासक खास बनवलेल्या फाँटवर काम करीत होते, आणि तो फाँट नसेल तर त्या फायली उघडल्यावर केवळ निरर्थक खुणा दिसतात. म्हणून तिचा जुना संगणक टाकून देण्याआधी त्यातील फाँट जपून ठेवावेत.

ध्वनिफितींना मात्र उशीर चालत नाही. चुंबकीय फीत कालांतराने खराब होते आणि ती वाजवणारी यंत्रेही दुर्मीळ होत चालली आहेत. जाणकाराकडून त्यांचे डिजिटल रूपांतर करून घ्यावे, आणि ते एमपी३ मध्ये न करता, आवाजाचा तपशील न गाळणाऱ्या डब्ल्यूएव्ही स्वरूपात, 24 बिट खोलीने करावे. ऐकताना केवळ नमुन्याच्या वाक्यांकडे लक्ष देऊ नये. वाक्यांच्या मधल्या जागा अधिक बोलक्या असतात. एका फितीत आई क्रियापदांची रूपे विचारता विचारता थांबते, प्रार्थनेची वेळ झाली असे सांगते, खुर्ची सरकल्याचा आवाज येतो आणि यंत्र चालूच राहते. त्यानंतरची शांतता मी लेखात आवर्जून नोंदवली आहे.

तथापि, या फितींमध्ये इतरांचेही आवाज असतात. त्यांनी ते आईच्या विश्वासावर दिलेले असतात, तिच्या वारसांच्या नव्हे, म्हणून त्या माणसांना किंवा त्यांच्या समाजाला विचारल्याशिवाय त्यांतील मजकूर छापू नये. संग्रह मोठा असेल तर ऑस्ट्रेलियातील पॅराडिसेक किंवा पूर्वी लंडनमध्ये असलेला आणि 2021 पासून बर्लिनमधून चालणारा एलार यांसारख्या भाषासंग्रहांकडे विचारणा करता येते; तेथे कोणती सामग्री कोणाला खुली असावी हे ठरवण्याची सोय असते.

तारखा आणि नावे यांत श्रम फार आणि शब्द थोडे, तरी ते श्रम टाळू नयेत. जन्मतारीख दोन कागदांवर दोन असेल तर लगेच लबाडी किंवा चूक गृहीत धरू नये. विसाव्या शतकात जुनी जूलियन आणि ग्रेगोरियन दिनदर्शिका यांत 13 दिवसांचे अंतर होते. हिजरी वर्ष 354 किंवा 355 दिवसांचे असल्याने त्या गणनेने वय दर सुमारे 33 वर्षांमागे एक वर्ष जास्त भरते. श्रद्धाळू घरांत जन्माची नोंद धार्मिक दिनदर्शिकेनेच झालेली असू शकते. नावाच्या बाबतीत 'अधिकाऱ्याने बंदरावर नाव बदलले' ही कथा अनेक कुटुंबांत सांगितली जाते. न्यू यॉर्कच्या एलिस बेटावर, जेथे 1892 ते 1954 या काळात स्थलांतरितांची तपासणी होत असे, अधिकारी प्रवासाच्या आरंभीच तयार झालेल्या जहाजाच्या यादीवरून काम करीत. नावे पुष्कळदा पुढे लोकांनी स्वतःच बदलली. आईने आपले नाव स्वतः लहान केले असेल, तर तो तिचा निर्णय म्हणूनच लिहावा.

श्रद्धेविषयी लिहिताना मुले सर्वांत जास्त अवघडतात, विशेषतः त्यांची स्वतःची श्रद्धा उरलेली नसेल तर. विद्वान असूनही ती धार्मिक होती, या वाक्यातला 'असूनही' आधी खोडावा. वेदांच्या अभ्यासाला पूरक अशा सहा वेदांगांपैकी शिक्षा (उच्चारशास्त्र), व्याकरण, निरुक्त (शब्दांची व्युत्पत्ती) आणि छंद (वृत्तशास्त्र) ही चार भाषेशी संबंधित आहेत. आर्मेनियन लिपी पाचव्या शतकाच्या आरंभी धर्मग्रंथाच्या भाषांतराच्या निकडीतून घडली. आणि अरबीचे पहिले मोठे व्याकरण लिहिणारा सीबवैह मूळचा इराणी होता. पवित्र शब्द अचूक उच्चारला जावा या काळजीतून भाषेचा बराच अभ्यास जन्मला आहे. आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकात एका अक्षरावर तिने बारीक पेन्सिलीने दीर्घत्वाची खूण केली आहे, कारण सगळे जण तो स्वर ऱ्हस्व म्हणत. सामुदायिक प्रार्थनेत तिने कोणाला कधी टोकले नाही. तिचा एकटीचा आवाज मात्र तेथे क्षणभर मागे रेंगाळत असे. तिची भक्ती आणि तिचे शास्त्र मला एवढ्या एकाच जागी स्पष्ट एकत्र दिसले, आणि लेखाची सुरुवात मी तेथून केली.

लिहिताना तिचे बोलणे सुधारू नये. नव्या भाषेतील तिची वाक्यरचना वाकडी असेल तर तशीच द्यावी, पण तिच्या उच्चारांची नक्कल करणारे शुद्धलेखन करू नये. ते हास्यास्पद होते आणि तिलाच सर्वांत आधी खटकले असते. प्रार्थना मूळ भाषेत द्यावी आणि अर्थ खाली तिच्याच शिस्तीने, शब्दाखाली शब्द असा मांडावा. लेख पुरा झाल्यावर मागे राहिलेल्या नातेवाइकांसाठी तिच्या जन्मभाषेत एक छोटा मसुदा करून पाठवावा. माझ्या मावशीने तो मसुदा परत पाठवला, तेव्हा तिने एकच दुरुस्ती केली होती : आईचे लहानपणीचे नाव मी लिहिले होते त्यात शेवटचा स्वर चुकला होता, आणि त्यावर तिने पेन्सिलीने खूण केली होती.