आक्षेपार्ह पोस्टची तक्रार करताय? या चुका टाळा

रामबाग असो की लोकमान्य नगर, इंदूरच्या मराठी घरांत कुणा मुलीचा मॉर्फ केलेला, म्हणजे छेडछाड करून बनवलेला फोटो कुठे दिसला, की आधी तो नातेवाइकांच्या ग्रुपवर पोचतो. ‘बघा, काय चाललंय!’ काळजीपोटीच पाठवतात, पण त्याने फोटो आणखी पसरतो. मजकूर लहान मुलांबाबतचा अश्लील असेल, तर तो डाउनलोड करणं किंवा पुढे पाठवणं हाच आयटी कायद्याच्या कलम 67ब नुसार गुन्हा आहे.

मग रागारागाने खातं ब्लॉक करतात आणि लिंक हातची जाते. आधी लिंक जपा. तीही प्रोफाइलची नव्हे, नेमक्या त्या पोस्टची. सोबत यूजरनेम, तारीख, वेळ. लिंक नसलेला स्क्रीनशॉट पाहून ॲपची कंपनी ती पोस्ट शोधणार कुठे?

सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो दार चुकल्यामुळे. ॲपमधलं ‘रिपोर्ट’ बटण दाबलं म्हणजे तक्रार झाली, असं समजू नका. 2021 च्या आयटी नियमांनुसार कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याच्याकडे लेखी तक्रार करा आणि क्रमांक घ्या. नग्न किंवा मॉर्फ केलेल्या फोटोंसाठी त्या नियमांत 24 तासांची मुदत होती. पुढे मुदती आखूडच होत गेल्या. उत्तर पटलं नाही, तर 30 दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. ही समिती मजकुराचं बघते, माणूस शोधत नाही. ते काम पोलिसांचं.

पोलिसांकडे तक्रार करायला राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टल आहे. पुण्याचा भाचा फॉर्म भरून देतो आणि सवयीने राज्य ‘महाराष्ट्र’ टाकतो! तुम्ही इंदूरला राहता, तर मध्य प्रदेश निवडा आणि मजकूर हिंदीत लिहा. वाचणारे इथलेच आहेत. महिला व मुलांबाबत नाव न देताही तक्रार करता येते, पण मग तिचं पुढे काय झालं ते पोर्टलवर पाहता येत नाही. 1930 हा सायबर हेल्पलाइन नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे.

‘ती वेबसाइटच बंद करा’ असे अर्ज दिल्लीला धाडणारेही भेटतात. आयटी कायद्याच्या कलम 69अ खाली केंद्र सरकार साइट ब्लॉक करतं ते देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा ठरावीक कारणांसाठी. अश्लीलता किंवा बदनामी त्या यादीत नाही. ओटीटीवरच्या मालिकेबद्दल राग असेल, तर आधी त्या प्लॅटफॉर्मलाच लिहा. त्यांच्याकडे 15 दिवस असतात, मग त्यांच्या स्वनियमन संस्थेकडे जा.