झाड पाडायचंय? एक रात्र थांबा

आमचा मळा अमळनेर तालुक्यात. विहिरीच्या काठावर बाभूळ होती, अर्धी पाण्यावर कललेली. मोटारीच्या पाइपाला फांद्या लागायला लागल्या म्हणून ऐन श्रावणात मी ती पाडली. सकाळी लाकडाचा व्यापारी बोलावला, दुपारपर्यंत झाड आडवं. फांद्यांना लोंबणारे सुगरणीचे खोपे विहिरीत गेले. एक बादलीने वर काढला. आत तीन पिल्लं, पिसंही न फुटलेली. आजी बांधावर उभी होती. एवढंच म्हणाली, "बाभूयले इचारं व्हतं का रे?"

तेव्हा ते म्हातारीचं बोलणं वाटलं होतं. आता मी साठीला आलोय, आणि गावात कुणी झाडाला हात घालणार असलं की हाच प्रश्न विचारतो: झाडाला विचारलं का? तर विचारायचं कसं, ते सांगतो.

आधी पाडायची खरंच गरज आहे का ते बघा. बांधावरच्या निंबाची सावली कपाशीवर पडते, ही तक्रार खालच्या फांद्या छाटल्या तरी मिटते. तारेला फांदी लागत असेल तर वायरमनला सांगा, स्वतः चढू नका. खोड पोकळ होऊन घरावर कललं असेल तर मात्र इलाज नाही.

मग कागद. साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, खैर आणि आपल्याकडचा अंजन ही झाडं १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यात आहेत. ती स्वतःच्या शेतातली असली तरी वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. नगरपालिकेच्या हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा आहे. तुमचं झाड यादीत नसलं तरी वनखात्यात एकदा विचारून या. व्यापारी "काही लागत नाही" म्हणतो, पण नंतर कागद मागायला लोक तुमच्या दारात येतात.

महिना मार्गशीर्ष-पौषाचा धरा. पावसाळ्यात सुगरणीचे खोपे असतात. माघ उलटला की ढोलीत पोपट आणि पिंगळे, म्हणजे छोटी घुबडं, अंडी घालतात, उन्हाळ्यात कावळ्यांची घरटी. कापसाच्या वेचण्या उरकत आल्या की रानही मोकळं असतं.

आता मुख्य गोष्ट. आदल्या दिवशी, दिवस मावळायच्या आत, झाडापाशी जा. मावळल्यावर झाड झोपतं, त्याला हात लावत नाहीत. तांब्याभर पाणी घाला, हळद-कुंकू, अक्षता वाहा, भाकरी-गुळाचा तुकडा ठेवा. मंत्र लागत नाही. आजी म्हणायची तेवढं पुरे: तुझ्यावर जो कुणी राहत असेल त्याने दुसरीकडे घर करावं, आम्हाला माफ करावं. हे तिला कुणी शिकवलं माहीत नाही, पण वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, मूर्तीसाठी झाड तोडण्याआधी अगदी असंच सांगायला लावलंय. तिथे पूजा रात्री आणि तोड सकाळी. भिक्खूंना झाड तोडायला बुद्धांनी मनाई केली, त्यामागेही झाडावर राहणाऱ्या देवतेच्या तक्रारीची गोष्ट आहे.

माझा मुलगा याला अंधश्रद्धा म्हणतो. म्हणू दे. पण अक्षता टाकून लगेच गाडीवर बसू नका, अर्धा तास तिथेच बसा. दोन वर्षांपूर्वी घरामागचा निंब पाडायचा होता. खोडाला कीड, छपरावर कललेला. हात जोडून बसलो तर बुंध्याशी पांढरी विष्ठा दिसली, आणि शेजारी बोराएवढे करडे गोळे. एक फोडला तर त्यात भुंग्यांचे चमकणारे पंख आणि उंदराची हाडं. अंधार पडता पडता वरच्या ढोलीतून पिंगळ्याची जोडी बाहेर आली आणि माझ्याकडे माना हलवून बघत बसली. दुसऱ्या दिवशी कटर मशीनवाल्या चाचांना म्हटलं, वरचा भार उतरवा, ढोलीखालचं खोड राहू द्या. त्यांनी मजुरी तेवढीच घेतली, वर हदीसही, म्हणजे पैगंबरांची शिकवण, सांगितली. कयामत आली आणि हातात रोप असलं, तर जमल्यास ते आधी लावून टाकावं, अशी.

तर रोपाचं. निंब लावायचा तर पिकलेली निंबोळी त्याच हंगामात, दोन-तीन आठवड्यांच्या आत मातीत घाला. डब्यात भरून पुढच्या वर्षी टाकाल तर क्वचितच उगवेल.

विहिरीवर मी काही लावलं नाही. पण बाभळीच्या शेंगा खाऊन शेळ्या तिथे बसायच्या, त्यांच्या लेंड्यांतून एक बाभूळ आपोआप उगवली. तीही पाण्यावरच कलली. यंदा तिच्यावर सात खोपे आहेत. पाइप मी पलीकडच्या बाजूला घेतला.